आडगल्लीतला कान

सरांनी आयुष्यात एकदाही सिगारेट ओढली नव्हती. पण माणसं ती कशी ओढतात हे त्यांच्याइतकं बारकाईने पाहिलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. आमच्या शेडच्या मागे, एसीच्या बाहेरच्या युनिटांच्या गरम वाऱ्यात, ओढणाऱ्यांसाठी एक पत्र्याचा आडोसा होता. सर तिथे वही घेऊन उभे राहत. नवीन आलेल्या लोकांना ते एचआरचे वाटत आणि ते अर्धी सिगारेट विझवून पळ काढत. मग सर मागून हाक मारत, "अहो, पुरी करा! तुमचा शेवटचा झुरका राहिलाय माझा!"

आमची कंपनी व्हेप बनवत असे, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. जेबेल अलीच्या बाजूला एक शेड, त्यात अकरा माणसं. आणि दुबई मरीनात एका टॉवरच्या बेचाळिसाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं हेड ऑफिस. मालक मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या कार्डावर 'ग्रुप चेअरमन' असं छापलेलं होतं. ग्रुप कुठला, ते मला सहा वर्षांत कळू शकलं नाही. माझं काम कागदपत्रांचं. खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रिका मी लिहीत असे. ती कुणी वाचत नाही, त्यामुळे मनासारखं लिहिता येतं.

सर आमचे डिझाइनचे इंजिनियर. साठी उलटलेली, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि हातात डब्याची पिशवी. पिशवीत डब्याशेजारी एक काचेची नळी असे, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, अर्धी निळ्या पाण्याने भरलेली. एका टोकाला रबराची नळी जोडायची, ती तोंडात धरून ओढायचं, की निळं पाणी एका बाजूने वर चढतं. किती चढलं ते पट्टीवर वाचायचं. सर समोरच्या माणसाला नाव विचारायच्या आधी नळी पुढे करत. "जरा ओढा बघू. जोरात नको. रोजच्यासारखं."

अशा शेकडो माणसांच्या ओढी त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्यांना नावंही दिली होती. नवशिक्याची लाजरी ओढ, सेल्सवाल्याची घाईची ओढ, आणि बायकोशी भांडून आलेल्याची ती रागीट ओढ. पण त्यांच्या मते या सगळ्यांची मूळ ओढ एकच, ती म्हणजे भुरका. "माणूस जन्मल्यावर पहिल्यांदा रडतो आणि लगेच भुरका मारायला शिकतो," ते म्हणत. "आमटीचा भुरका ज्या यंत्राला कळला, त्याला सगळं कळलं."

हे सिद्ध करायला ते एकदा आमच्या घरी जेवायला आले. बायकोने मुद्दाम कटाची आमटी केली होती. सरांनी पहिला घास घ्यायच्या आधी रबराची नळी काढली आणि आमच्या मुलीला म्हणाले, "बाळ, आमटीचा भुरका मारतेस तसं यातून मार."

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," मुलगी म्हणाली. पाचव्या मिनिटाला ती नळी कुणाला द्यायला तयार नव्हती. सर वहीत लिहीत होते, आमटी गार होत होती आणि बायको माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिला सरांच्या वहीत नाव नव्हतं.

आम्ही दोघे शारजात राहत होतो, चार इमारतींच्या अंतरावर. गाडी माझी. जाताना दीड तास, येताना दोन. त्यातला बराचसा वेळ समोरच्या गाडीचे लाल दिवे पाहण्यात. त्यामुळे सर मला जितके कळले तितके माझे सख्खे भाऊही कळलेले नाहीत. ते आमच्या व्हेपला कधी व्हेप म्हणत नसत, 'कांडी' म्हणत. पुण्यातल्या नातेवाइकांना त्यांनी 'श्वासाची यंत्रं बनवतो' असं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या मेव्हणीची समजूत होती की ते दमेकऱ्यांसाठी काहीतरी करतात. सर ती मोडत नसत. "खोटं कुठे बोललो? धूर करणारी तार दुसराच कुणी बनवतो. माझं काम फक्त श्वास ओळखायचं."

आणि ते काम खरोखर तेवढंच होतं. अशा कांडीला बटण नसतं. माणसाने ओढलं की तिने आपण होऊन पेटायचं, सोडलं की विझायचं. त्यासाठी आत शर्टाच्या गुंडीएवढा सेन्सर असतो. त्यात एक पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला माणूस ओढतो ती हवा, दुसऱ्या बाजूला एका बारीक छिद्रातून आलेली बाहेरची हवा. ओढलं की एका बाजूची हवा विरळ होते, पडदा वाकतो, आणि कांडीला कळतं की कुणीतरी आलं. सप्लायर या सेन्सरला माईक म्हणत. सर त्याला 'कान' म्हणत.

कान कुठे बसवायचा, एवढ्या प्रश्नावर सरांनी अडीच वर्षं काढली. चेअरमनसाहेबांच्या मते हा प्रश्नच नव्हता.

"इंजिनियरसाहेब, तोंडाशी लावा की. ओढलं रे ओढलं की पेटलं पाहिजे. इंटरनॅशनल प्रॉडक्ट आहे."

"साहेब, तोंडात कान ठेवतं का कुणी?" सर म्हणाले. "तिथे थुंकी येते, धूर होतो त्या आंब्याच्या अर्काचे थेंब येतात. आठ दिवसांत बहिरा होईल."

"मग खाली लावा, बुडाशी."

"तिथे ऐकू उशिरा येतं." सरांनी बशीत चहा ओतला. बेचाळिसाव्या मजल्यावरच्या काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये, समोर पांढऱ्या नौका उभ्या असताना, बशीतून चहा पिणारा तो एकमेव माणूस असावा. एक भुरका घेऊन ते म्हणाले, "साहेब, तुम्ही शारजात राहिलायत ना?"

"नवीन आलो तेव्हा. त्याचं काय इथे?"

"मेन रोडवर की गल्लीत?"

"गल्लीत. मेन रोडवर झोप लागते का?"

"पण रस्त्यावर काय चाललंय ते ऐकू येत होतं?"

"सगळं."

"आणि धूळ?"

चेअरमनसाहेबांनी जरा विचार केला. "धूळ कमी यायची."

"मग कानाला पण गल्लीतच घर देऊ या."

अशा रीतीने हवेच्या मुख्य वाटेला एक वळण घेतलेली आडगल्ली निघाली आणि कान तिच्या टोकाला जाऊन बसला. पाठीमागचं छिद्र बरोबर कांडीच्या बुडाच्या मधोमध आलं. सुईच्या टोकाएवढं, देखणं. मी माहितीपत्रिकेत त्याच्यावर एक अख्खं वाक्य लिहिलं.

पण या डिझाइनच्या नकाशावर सही करायची वेळ आली तेव्हा सरांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी सहीबरोबर राजीनामाही दिला. तारीख न घातलेला. "कुणी न ओढता ही कांडी एकदा जरी पेटली, तर हा मंजूर करा. तारीख तुम्ही घाला."

चेअरमनसाहेबांना असे कागद आवडत. त्यांनी तो लगेच ड्रॉवरमध्ये ठेवला.

संध्याकाळी गाडीत मी सरांवर चिडलो. त्या वयात तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं; आणि दुसरी नोकरी कोण देणार? शिवाय सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, शारजा मानवलं होतं. पुण्यात कुणाशी न बोलणारी ती बाई इथे अख्ख्या इमारतीला मोदक शिकवत होती. हे सगळं मी बोलून झाल्यावर सर म्हणाले, "पुण्यात मी हॉस्पिटलच्या यंत्रांचं काम करायचो. तिथेही असाच कान होता. स्वस्त पडतं म्हणून वरच्यांनी तो भलतीकडे लावला. मला पटलं नव्हतं. तरी सही केली."

"मग?"

"मग काय. सगळा माल तपासणीत परत आला. कुणाला काही झालं नाही, नशीब. पण प्रत्येक खोक्यावर माझी सही. चारशे खोकी उघडताना चारशे वेळा वाचली." समोरचे लाल दिवे जरा हलले, आम्ही एक गाडी पुढे सरकलो. "या खेपेला सहीची किंमत आधीच सांगून टाकली. सुटलो."

याला सुटणं म्हणत असतील तर मला मराठी येत नाही, असं मी मनात म्हटलं.

मग दसरा आला. युरोपातला एक मोठा डिस्ट्रिब्युटर नमुन्याच्या पाच कांड्या पाहायला येणार होता, आणि चेअरमनसाहेबांनी मुद्दाम त्याच दिवसाची वेळ दिली होती. मुहूर्ताच्या बाबतीत ते अजिबात इंटरनॅशनल नव्हते. सकाळी शेडमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे पूजा मांडली. टेबलावर सोल्डरिंगचं पेन, कॅलिपर, सरांची नळी, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्या पाच कांड्या. झेंडूची फुलं बायकोने दिली होती आणि करंडाही तिचाच, म्हणून हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडे. आमचा केरळी टेक्निशियन शाजी हात जोडून उभा. सर म्हणाले, "सगळ्यांना एकेक बोट लावा. कुणाला वाईट वाटायला नको."

मी लावलं. ओलं, ठसठशीत. कांडीला कपाळ कुठलं, असा क्षणभर प्रश्न पडला. पण बुडाशी मधोमध ते बारीक छिद्र दिसलं आणि बोट आपोआप तिथे गेलं. टिळा मधोमधच लावायचा, हे लहानपणापासून हाताला शिकवलेलं असतं.

तासाभराने चेअरमनसाहेबांचा फोन आला. "पूजा झाली? छान. आता सॅम्पलवरचं ते कुंकूबिंकू पुसून टाका. गोरा माणूस आहे, प्रोफेशनल दिसलं पाहिजे." मी टिश्यू घेतला आणि पाचही कांड्या घासून घासून लख्ख केल्या.

दुपारी टॉवरच्या खाली आम्ही पाहुण्याला भेटलो. उंच, सडपातळ, अगदी कमी बोलणारा माणूस. लिफ्टमध्ये आम्ही चौघे: तो, चेअरमनसाहेब, सर आणि मी. चेअरमनसाहेबांनी एक कांडी कोटाच्या वरच्या खिशात खोचली होती, फाउंटन पेन लावावं तशी. ही लिफ्ट बेचाळीस मजले पाऊण मिनिटात चढते आणि वाटेत कानांना दडे बसतात.

"आमची फिलॉसॉफी अशी आहे," चेअरमनसाहेब इंग्रजीत सांगत होते, "की टोटल कंट्रोल कस्टमरच्या हातात."

विसाव्या मजल्याच्या आसपास त्यांच्या छातीतून आंब्याचा वास आला. मग धूर. पांढरा, दाट, खिशातून वर येऊन त्यांच्या हनुवटीखालून दोन्ही बाजूंना फाकणारा. आरतीच्या वेळी मूर्तीपुढे दिसतो तसा. ते बोलतच होते. बरोबर आठ सेकंद तो धूर आला, कारण आठ सेकंदांनी कांडी आपण होऊन बंद व्हावी अशी सोय सरांनीच केली होती.

पाहुण्याने वाकून खिशाकडे पाहिलं. "व्हेरी ऑटोमॅटिक," तो म्हणाला.

बेचाळिसाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा चेअरमनसाहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. मी सरांचा पाहत होतो. त्यावर भीती नव्हती. कुणीतरी ओळखीच्या घरात अनोळखी आवाज ऐकावा, तसं काहीतरी होतं.

पाहुण्याला आत बसवून चेअरमनसाहेब बाहेर आले. "इंजिनियरसाहेब, खलास. ड्रॉवरमध्ये काय आहे ते माहितीये ना?"

"माहितीये. तारीख उद्याची घाला," सर म्हणाले. "आज मला लिफ्ट लागेल."

ती सबंध दुपार ते लिफ्टमध्ये होते. एका हातात कांड्या, दुसऱ्या हातात घड्याळ, काखेत वही. वर, खाली, वर, खाली. अर्ध्या तासाने खालचा सिक्युरिटीवाला आला. "अंकल, जाना कहाँ है आपको?"

"कहीं नहीं, बेटा. हवा देख रहा हूँ."

यावर काय बोलायचं ते त्याच्या नियमांत नसावं. तो निघून गेला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर परदेशी पाहुणाही लिफ्टमध्ये सरांशेजारी उभा होता, वहीत डोकं घालून. चेअरमनसाहेबांच्या स्लाइड त्याने अर्ध्यावर सोडल्या होत्या. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं आणि दोघांचं उत्तम जमलेलं दिसत होतं.

साडेपाचला सर बाहेर आले. पाचांपैकी दोनच पेटत होत्या. दर वेळी वर जाताना, खाली येताना एकदाही नाही. त्यांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि त्या दोन कांड्यांची बुडं बराच वेळ पाहिली. मग भिंग पुसून खिशात ठेवलं. "चला, निघू या. ट्रॅफिक लागेल."

ट्रॅफिक लागलाच. मला मात्र लिफ्टच्या बाहेर उभं असतानाच सगळं कळलं होतं. पुसताना ओलं कुंकू मी त्या दोन छिद्रांत दाबून बसवलं होतं. ते वाळलं, पडद्याच्या एका बाजूला खालची हवा कोंडून राहिली. आणि लिफ्ट वर गेली तशी तोंडाकडच्या बाजूची हवा विरळ झाली. पडदा वाकला. कानाला वाटलं, कुणीतरी ओढतंय. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

शारजाची हद्द आली. सर पिशवी मांडीवर घेऊन समोर पाहत होते. शेवटी मी म्हणालो, "सर, ते कुंकू... मी..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या नखात अजून आहे," सर म्हणाले.

मी स्टिअरिंगवरची अनामिका दुमडून घेतली. मग घाईघाईने सांगितलं की उद्या सकाळी मी स्वतः साहेबांना सांगतो; डिझाइन बरोबरच होतं, चूक माणसाची, सरांनी तो राजीनाम्याचा कागद फाडायला लावावा.

"डिझाइन बरोबर होतं, एवढं बोटभर कुंकू लागेपर्यंत," सर म्हणाले. "उद्या खिशातला कापूस जाईल, वाळू जाईल, कुणाचं च्युइंगगम जाईल. तुम्ही निदान देवाचं नाव घेऊन बुजवलंत." त्यांना चक्क हसू येत होतं. "छिद्र एकच ठेवलं. अडीच वर्षं आत काय चाललंय तेच ऐकत बसलो. मागचं दार बाहेरून कुणी लावलं तर काय, हे मनातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनसाहेबांच्या टेबलावर तो कागद होता आणि शेजारी उघडलेलं पेन. सर काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं की कुंकू मी लावलं आणि त्यामुळेच सगळं झालं.

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे पूजेत चूक झाली?"

"पूजेत नाही, साहेब. पुसण्यात."

"दसऱ्याचं कुंकू पुसलं? पुसायला सांगितलं कुणी?"

एसीचा आवाज येत होता. त्यांना फोन आठवायला जेवढा वेळ लागला तेवढा मी खिडकीबाहेरच्या नौका मोजल्या. सात होत्या.

"ते कुणी सांगितलं याला महत्त्व नाही," सर म्हणाले. हे ते मनापासून म्हणत होते. म्हणूनच ते ऐकणं साहेबांना जड गेलं असावं. "छिद्र एक ठेवलं ते मी. ठरल्याप्रमाणे तारीख घाला."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रात्री त्या गोऱ्याचा मेल आलाय. प्रेझेंटेशनबद्दल एक शब्द नाही. लिहितो की लिफ्टमधल्या माणसाचा रिपोर्ट पाठवा, मग बोलू." त्यांनी कागद उचलला आणि परत ड्रॉवरमध्ये टाकला. "तारीख मी घालायची असं ठरलंय ना? मग घालीन मी. मला वाटेल तेव्हा. यल्ला, कामाला लागा."

ती त्यांनी कधीच घातली नाही. त्यांच्याबद्दल मी इथे बरंच तिरकस लिहिलं आहे, म्हणून हेही लिहितो.

सर शेडमध्ये परतले आणि कॅलिपर घेऊन थेट माझ्यासमोर आले. "बोट द्या. कालचं." माझ्या अनामिकेची रुंदी त्यांनी दोनदा मोजली. दुसरं छिद्र त्यांनी बुडाशी न ठेवता कडेला, एका खाचेत लपवलं. पहिल्यापासून एवढ्या अंतरावर की माझ्या बोटाने, किंवा माझ्याहून भक्तिमान माणसाच्याही बोटाने, दोन्ही एकदम बुजणार नाहीत. रिपोर्टात बिघाडाचं कारण लिहायच्या रकान्यात त्यांनी 'कुंकू' लिहिलं. मी म्हटलं, निदान 'रंगीत भुकटी' लिहू या. ते म्हणाले, "रंगीत भुकटी कुणी लावली नव्हती." ऑर्डर आली. वर्षभर त्या कंपनीकडून कुणी ना कुणी विचारत राहिलं की हे कुंकू कुठल्या प्रकारचं रसायन आहे. उत्तरं लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे.

दोन वर्षांनी सर आपल्या इच्छेने, आपल्या हाताने तारीख घालून निवृत्त झाले. भारतात या कांड्यांवर बंदी असल्याने त्यांना आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मेव्हणीला दाखवायलासुद्धा नेता आलं नाही. विमानतळावर त्यांनी खिसे चाचपून पाहिले, दुसऱ्या छिद्राचा पहिला नमुना काढला आणि माझ्या हातात दिला. काचेची नळी मात्र हातातल्या पिशवीत होती. ती तपासणाऱ्या माणसाच्या पुढे त्यांनी रबराचं टोक केलेलं मला लांबून दिसलं.

तो नमुना माझ्याकडे आहे. दर दसऱ्याला मी त्याच्या बुडाला ओलं कुंकू लावतो, छिद्रात चांगलं दाबतो, पुसतो, वाळू देतो आणि मरीनाच्या लिफ्टमधून बेचाळिसाव्या मजल्यापर्यंत जातो. यंदा मुलीला सोबत नेलं. "बाबा, व्हॉट एक्झॅक्टली आर वी वेटिंग फॉर?" तिने विसाव्या मजल्यावर विचारलं. मी तिला गप्प बसायची खूण केली. कांडी हातात उभी धरली होती. तिसावा मजला, पस्तिसावा, बेचाळिसावा. ना धूर, ना आंबा.

वरूनच सरांना मेसेज केला: सर, यंदाही काही झालं नाही.

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही. "दोन्ही बुजवून पाहिलीत का?"